धाकट्याचा डाव

दिवाळीच्या पाडव्याला आपल्या जुन्या निबंधकारांनी आणखी एक नाव दिले आहे: द्यूतप्रतिपदा. बलिप्रतिपदा सर्वांना ठाऊक असते. हे दुसरे नाव मात्र पंचांगाच्या कोपऱ्यात पडून राहिले आहे. पुराणातली कथा अशी की, या दिवशी शंकर-पार्वती फासे खेळायला बसली. शंकर हरला आणि पार्वती जिंकली. त्यावरून पाडव्याच्या सकाळी जो जिंकेल त्याचे वर्ष सुखाचे जाईल, असा संकेत रूढ झाला. ज्या खेळाला मनूने दिवसाढवळ्या केलेली चोरी म्हटले, तोच खेळ वर्षातून एक दिवस घरातल्या वडीलधाऱ्यांनी, लेकराबाळांना जवळ घेऊन, धर्म म्हणून खेळावा! या विसंगतीची मला पूर्वी मौज वाटत असे. अलीकडे वाटत नाही. शिक्षकाच्या पेशामुळे तरुण मुलांच्या घरच्या हकीकती कानावर येतात, आणि गेल्या काही वर्षांत त्यांत जुगाराच्या हकीकती फार वाढल्या. प्रत्येक हकीकतीच्या शेवटी कोणी तरी मोठे माणूस एक वाक्य हमखास म्हणते: ‘त्याचा स्वभावच तसा.’ हे वाक्य आले कोठून, याचा शोध मी माझ्या तुटपुंज्या वाचनाच्या आधाराने घेत गेलो. तो येथे मांडतो.

या वाक्याचा सर्वांत जुना बळी माझ्या पाहण्यात आला तो एक ऋषी आहे. ऐतरेय ब्राह्मणात कवष ऐलूषाची गोष्ट आहे. सरस्वतीच्या काठी ऋषी सत्र करीत बसले होते. त्यांत कवषही होता. इतरांनी त्याला उठवले. दासीचा पोर, जुगारी, अब्राह्मण. हा आमच्यात दीक्षा घेऊन कसा बसला? एवढे म्हणून ते थांबले नाहीत. त्याला त्यांनी निर्जल वाळवंटात नेऊन सोडले आणि सरस्वतीचे पाणी याला मिळू नये असे ठरवले. तहानेने व्याकूळ झालेल्या कवषाला तेथे जलदेवतेचे सूक्त स्फुरले; सरस्वती आपला प्रवाह सोडून त्याच्याभोवती धावून आली, आणि ऋषींना त्याला सन्मानाने परत बोलवावे लागले. शिव्यांच्या त्या यादीत ‘जुगारी’ हा शब्द जन्माच्या दोन शिव्यांच्या मधोमध बसवला आहे, याकडे वाचकांनी लक्ष द्यावे. जुगार ही त्याने केलेली गोष्ट राहिली नाही. ती त्याची जात झाली.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात चौतिसावे सूक्त जुगाऱ्याचे आहे. परंपरेने त्याचा कर्ता म्हणून दोन नावे सांगितली आहेत, आणि त्यांतले एक याच कवषाचे. बेहड्याच्या झाडाची फळे हे त्या काळचे फासे. सूक्तातला माणूस सांगतो की बायकोने त्याला दूर लोटले आहे, सासू त्याचा द्वेष करते, आणि सावकार दारात आले की आई, बाप व भाऊ ‘हा कोण, आम्ही ओळखत नाही, खुशाल बांधून न्या’ म्हणतात. यापुढे खेळायचे नाही असा निश्चय तो करतो. पण पटावर फळे पडल्याचा आवाज येतो आणि पाय तिकडे वळतात. हे सारे इतके ओळखीचे आहे की तीन हजार वर्षे मध्ये गेली आहेत असे वाटत नाही. पण मला त्यात विशेष वाटते ते निराळेच. हा माणूस ‘मी असा’ असे एकदाही म्हणत नाही. तो फाशांविषयी बोलतो. ते ओढतात, टोचतात, हाताला थंड लागून काळीज जाळतात. दोष कर्त्यात नाही, असे त्याचे म्हणणे नव्हे. पण ज्या वस्तूने पकडले आहे तिच्या अंगी एक शक्ती आहे, हे त्याला पक्के कळले आहे.

सातव्या मंडलात वसिष्ठ वरुणाची क्षमा मागतो. तेथे तर हा विचार आणखी पुढे जातो. माझ्या हातून घडले ते माझ्या इच्छेने नव्हे, असे सांगून तो कारणे मोजतो. मद्य, क्रोध, फासे, अविचार ही त्यांत आहेत. आणि लगेच, जणू सहज, तो म्हणून जातो की धाकट्याचे पाऊल घसरते तेव्हा त्यात कोणी थोरला असतोच. भाष्यकारांनी या थोरल्याचा अर्थ देव, दैव असा पुष्कळ लावला आहे. शिक्षकाला इतक्या लांब जाण्याची गरज पडत नाही.

हा थोरला पुढे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात प्रत्यक्ष अधिकारपदावर बसलेला दिसतो. त्याचे नाव द्यूताध्यक्ष. जुगार एकाच ठिकाणी खेळवावा. दुसरीकडे खेळणाऱ्याला बारा पण दंड. कारण? चोरून धंदे करणारे लोक त्यामुळे उघडे पडतात. फासे सरकारी, खोटे फासे आणले तर शिक्षा; फाशांचे भाडे, पाण्याचे आणि जागेचे पैसे वेगळे; आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच राजाचे. मनू म्हणतो, राजाने जुगार राज्यातून उपटून काढावा. कौटिल्य म्हणतो, त्याचा हिशेब ठेवावा. आपल्याकडच्या प्रत्येक राजवटीने मनूचे नाव घेतले आणि वहीत कौटिल्य उतरवला, असे मला दिसते. पण याच कौटिल्याने ‘व्यसन’ शब्दाची जी फोड केली आहे ती मोठी मार्मिक आहे. जे माणसाला त्याच्या कल्याणापासून दूर फेकते ते व्यसन. धातू फेकण्याचा आहे. फेकला जातो तो माणूस. फेकणारा हात दुसऱ्याचा.

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तला संवाहक हा या विषयावरचा, माझ्या मते, भारतीय वाङ्मयातला सर्वांत खरा माणूस. देवलांच्या नाटकामुळे चारुदत्त-वसंतसेना मराठी माणसाच्या घरच्या झाल्या. संवाहकाकडे मात्र विनोदाचे पात्र म्हणून पाहण्याची आपल्याला सवय आहे. तो पाटलिपुत्रातल्या बऱ्या घरचा मुलगा. उज्जयिनी पाहायला आला, अंग रगडण्याची कला शिकला होता ती पोटासाठी कामी आली आणि चारुदत्ताच्या पदरी राहिला. धनी चांगला होता. तो कफल्लक झाला, आश्रय तुटला, आणि त्यानंतर संवाहक जुगारात शिरला. हा क्रम नाटककाराने जाणून ठेवला आहे. दहा सुवर्ण हरून तो पळतो. अड्ड्याचा मालक माथुर पाठीवर आहे. उलट्या पावलांनी चालत तो एका ओस देवळात शिरतो आणि देवाच्या जागी मूर्ती होऊन उभा राहतो. माथुर आणि त्याचा जोडीदार आत येतात, त्याला चिमटे-बिमटे काढून पाहतात, आणि मग तेथेच डाव मांडून बसतात. संवाहक मनाशी झगडतो. पण फाशांचा आवाज कानी पडताच तो देवपण टाकून ओरडतो की हा डाव माझा! प्रेक्षक हसतात. मी कादंबऱ्या लिहितो. एवढ्या एका प्रसंगासाठी मी माझी दोन-तीन पुस्तके सहज देऊन टाकीन. पुढे वसंतसेना आपले कंकण देऊन त्याचे कर्ज फेडते, तो बौद्ध भिक्षू होतो, आणि शेवटी मेली म्हणून टाकून दिलेल्या त्याच वसंतसेनेला जीव देतो. ज्याचा स्वभावच जुगारी, त्याच्या हातून हे कसे झाले असते?

नलाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, तिचा एकच धागा घेतो. कली नलाच्या अंगात शिरला म्हणून तो राज्य हरला. म्हणजे दोष बाहेरून आत आला. आणि तो गेला कसा? मंत्राने किंवा तपाने नव्हे. ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाची पाने-फळे एका नजरेत मोजून दाखवतो आणि फाशांचे रहस्य, म्हणजे मोजण्याची विद्या, नलाला देतो. ती विद्या कळताच कली नलाच्या अंगातून बाहेर पडून त्याच बेहड्यात जाऊन बसतो. गणित शिकवणाऱ्याने ही गोष्ट विसरू नये.

गणिताचे नाव निघाले म्हणून इटलीतल्या जेरोलामो कार्दानोकडे वळतो. १५०१ साली जन्मलेला हा वैद्य आणि गणिती विद्यार्थिदशेत जुगाराच्या पैशावर राहिला आणि पुढे कित्येक वर्षे खेळतच राहिला. बायकोचे दागिने आणि घरातले सामानसुमान त्यात गेले, हे त्याने स्वतः आत्मचरित्रात लिहिले आहे. फाशांच्या संभाव्यतेवरचे पहिले पुस्तक त्याचे. ते छापले गेले १६६३ साली, त्याच्या मृत्यूनंतर ८७ वर्षांनी. त्यात तो म्हणतो की जुगार वाईटच मानला तरी इतके लोक तो खेळतात की वैद्याने असाध्य रोगांपैकी एक समजून त्याचा विचार केला पाहिजे. सोळाव्या शतकात हे सुचायला स्वतःचे हात पोळलेले असावे लागतात. कार्दानोच्या घरी जुगाऱ्यांचा राबता होता. त्याच घरात वाढलेला धाकटा मुलगा आल्दो जुगारी आणि चोर निघाला, त्याने बापाच्याच घरात चोरी केली आणि बापाने त्याला शहरातून हद्दपार करवले. आत्मचरित्रात बाप या मुलाच्या नीच वर्तनाविषयी फार दुःखाने लिहितो. तेथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. वसिष्ठाचा थोरला कोण, याचे उत्तर एवढे सरळ क्वचितच मिळते.

कार्दानोने सुचवले तरी वैद्यांनी हे काम हाती घ्यायला साडेतीनशे वर्षे घेतली. प्रथम आले मनोविश्लेषक. दोस्तोयेव्हस्की १८६३ पासून जर्मनीतल्या पटांवर सर्वस्व हरत होता. १८६६ साली २६ दिवसांत ‘जुगारी’ ही कादंबरी त्याने सांगून लिहवली, आणि लिहून घेणाऱ्या मुलीशी पुढच्या वर्षी लग्न केले. १९२८ साली फ्रॉइडने त्याच्या जुगाराचे मूळ बापाविषयीच्या अपराधभावनेत आणि स्वतःला शिक्षा करून घेण्याच्या इच्छेत शोधले. १९५७ साली एडमंड बर्गलरने सरळच सांगितले की अट्टल जुगाऱ्याला मनातून हरायचेच असते. हे सारे वाचायला सुरस आहे. पण सुरस असल्यामुळेच मला त्याचा संशय येतो. जुन्या ‘स्वभावा’ला येथे फक्त शास्त्राचा अंगरखा चढवला आहे. दोस्तोयेव्हस्की १८७१ च्या वसंतात शेवटचा खेळला. १८७२ अखेर जर्मनीतले ते अड्डे कायद्याने बंद झाले. विश्लेषकांना या दुसऱ्या गोष्टीत फारसे स्वारस्य दिसत नाही.

१९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघाने आपल्या विकारकोशात जुगाराच्या वेडाला प्रथमच जागा दिली. ती व्यक्तिमत्त्वविकारांत दिली नाही. आवेग न आवरण्याच्या विकारांत दिली, आणि ज्याचा जुगार समाजविरोधी व्यक्तिमत्त्वाचा भाग आहे त्याला या निदानातून वगळले. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत त्याला तेथूनही उचलले आणि दारू, अफू यांच्या शेजारी, व्यसनांच्या घरात बसवले. जुगारासाठी गुन्हे करणे हे पूर्वी एक लक्षण होते, तेही गाळले. कोशातला हा प्रवास मला अर्थपूर्ण वाटतो. ‘हा कसला माणूस?’ येथून निघून तो ‘याला काय धरून बसले आहे?’ येथवर येतो. म्हणजे पुन्हा सूक्तातल्या जुगाऱ्यापाशी.

व्यक्तिमत्त्वविकार खोटा आहे असे मात्र मी म्हणत नाही. जुगाराच्या उपचारासाठी येणाऱ्यांत असे विकार इतरांपेक्षा अधिक आढळतात, हे वारंवार दिसले आहे. उतावळेपणा, रिकामेपणाची भावना, क्षणात तुटणारे संबंध असलेला मुलगा पटापाशी लवकर पोचतो आणि उशिरा उठतो. पण २००२ साली ब्लाझ्झिन्स्की आणि नॉवर या दोन अभ्यासकांनी तीन वाटा वेगळ्या केल्या. एका वाटेने येणारे मुळात धडधाकट असतात. खेळाची रचनाच त्यांना पकडते. दुसऱ्या वाटेने दुःखी, भेदरलेले, पूर्वी घाव बसलेले येतात. तिसरी वाट जन्मजात आवेगी मंडळींची. आपण सर्वांना तिसऱ्या वाटेवर उभे करतो, कारण त्यात पहाऱ्यावरचा माणूस सुटतो. समाजविरोधी व्यक्तिमत्त्वाचे निदान १८ वर्षांच्या आत करूच नये, असा त्या शास्त्राचाच दंडक आहे. आमच्या शिक्षकांच्या खोलीत ते सातवीच्या मुलाबद्दलही होते.

स्वभावाच्या कल्पनेला सर्वांत मोठा धक्का दिला तो कंपवाताच्या म्हाताऱ्यांनी. २००५ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी ११ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. कंपवातासाठी मेंदूतल्या डोपामिनचे काम करणारी औषधे सुरू झाली आणि ही माणसे जुगाराच्या आहारी गेली. औषध कमी केले किंवा थांबवले की वेड ओसरल्याचेही त्यांच्यात दिसले. कली शिरला, कली गेला. आता डोपामिन ही जादूची पुडी नव्हे, हे मला कळते. पण एवढे खरे की अवचित मिळणाऱ्या बक्षिसाची वाट पाहण्याशी मेंदूतल्या त्या व्यवस्थेचा संबंध आहे. स्किनरची कबुतरे कळ टोचली की दर वेळी दाणा मिळत असेल तर दाणा बंद होताच कळ लवकर सोडतात. दाणा कधी मिळतो, कधी नाही, असे असेल तर टोचतच राहतात. स्किनरने १९५३ च्या पुस्तकात जुगाराशी याचा संबंध जोडला होता. कबुतराच्या स्वभावाची चौकशी कोणी केली नाही.

आता आपल्या मुंबईकडे. १८८७ च्या मुंबई जुगारबंदी कायद्याने अड्डा चालवणाऱ्यालाही धरले आणि अड्ड्यात सापडलेल्या खेळणाऱ्यालाही. घोड्यांच्या शर्यतींना मात्र सवलतीची वाट राहिली. महालक्ष्मीचे मैदान त्याच्या आधी चारच वर्षे सुरू झाले होते. स्वातंत्र्यानंतर शब्दकोड्यांच्या स्पर्धा आल्या. चमारबागवाला यांच्या स्पर्धांवरचा मुंबई राज्याचा कर सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १९५७ च्या निकालात सरन्यायाधीश दास यांनी ऋग्वेदातल्या जुगाऱ्यापासून मनू-याज्ञवल्क्यांपर्यंत सर्वांना साक्षीला बोलावून सांगितले की जुगार हा व्यापारच नव्हे. त्याला व्यापाराच्या स्वातंत्र्याचे संरक्षण नाही. पुढे बाराच वर्षांनी, १९६९ साली, महाराष्ट्र राज्याने स्वतःची लॉटरी काढली.

त्याच सुमारास गिरणगावात मटका रुजला. न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराचे उघडते आणि मिटते भाव तारेने मुंबईत येत, त्यांच्या शेवटच्या आकड्यांवर पैसे लागत. १९६१ साली ते भाव येणे थांबले, तेव्हा कल्याणजी भगत यांनी १९६२ साली वरळीला स्वतःच आकडे काढायला सुरुवात केली. १९६४ साली रतन खत्री आले. चिठ्ठ्या मडक्यातून काढीत, म्हणून मटका. आकडे दहा, लागला तर नऊपट. चौथीतल्या मुलाला कळावे असे हे गणित आहे: दहा आकड्यांवर एकेक रुपया लावा, नऊ परत येतील. तरी गिरणीच्या पाळीवरून सुटलेला कामगार चार आणे लावून उद्याच्या ‘ओपन’ची स्वप्ने बघत घरी जाई. नफा नक्की असणारा माणूस एकच होता, आणि त्याच्या स्वभावाविषयी कोणी बोलत नसे. उलट, त्याच्या दानशूरपणाच्या कथा मी लहानपणी भक्तिभावाने ऐकल्या आहेत.

मडके गेले आणि खिशात फोन आला. पत्त्यांतली रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली म्हटले होते. तोच निकाल पुढे पैसे लावून चालणाऱ्या फोनवरच्या रमीची ढाल झाला. क्रिकेटच्या कागदी संघांवर पैसे लावण्याचा खेळ चालवणाऱ्या एका कंपनीचे नाव २०२३ ते २०२५ या काळात भारतीय संघाच्या सदऱ्यावर होते. १ ऑक्टोबर २०२३ पासून अशा खेळांत घातलेल्या रकमेवर सरकार शेकडा २८ कर घेऊ लागले. कौटिल्य जिंकलेल्यातून पाच घेत होता, तेव्हा तुलना तंतोतंत नाही; तरी द्यूताध्यक्षाने मान वर करून पाहिले असते.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची गोष्ट याच वर्षांतली. पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला होता. वर्गात हिशेबाला पक्का. शिधापत्रिकेवरची बेरीज चुकली तर दुकानदाराशी वाद घालणारा. फोनवरच्या रमीत आणि उसनवारी देणाऱ्या ॲपांत मिळून सव्वादोन लाख गेले, आईची पाटली गेली, आणि एके दिवशी तो घरातून नाहीसा झाला. चौथ्या दिवशी सापडला. घरी बैठक बसली, तीत मलाही बोलावले होते. एका शिकलेल्या नातेवाइकाने फोनवर वाचून ‘हा पर्सनॅलिटी डिसऑर्डर आहे’ असे सांगितले, आणि खोलीतल्या सर्वांना हायसे वाटले. मुलगा भिंतीशी मान खाली घालून बसला होता. त्यानेही मान डोलावली. निदान एक शब्द तरी मिळाला. जिल्ह्याच्या गावी मनोविकारतज्ज्ञाकडे नेले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्या शब्दाला हातही लावला नाही. त्यांनी विचारले: झोप किती, खेळत नसताना मन कसे असते, पैसे हरण्यापूर्वीच्या वर्षात घरात काय झाले, आणि पहिला डाव कोणी शिकवला. वडिलांची नोकरी त्या वर्षात गेली होती. पहिला संघ त्याने चुलत्यांच्या मांडीला मांडी लावून, चुलत्यांच्याच फोनवर, आयपीएलच्या वेळी लावला होता. ४९ रुपये भरून ३०० मिळाले म्हणून घरात पेढे आले होते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. २२ तारखेला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याला लगेच न्यायालयात आव्हानही दिले गेले. कायद्याची व्यवहारात काय गत होते हा निराळा विषय आहे. मला त्यातले एक कलमांचे वळण टिपून ठेवावेसे वाटले. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे आणि पन्नास लाख. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. १८८७ च्या कायद्याने अड्ड्यात सापडलेल्या पोरालाही धरले होते. माझा विद्यार्थी आता एका गॅरेजमध्ये हिशेब लिहितो आणि दर महिन्याला दोन हजार फेडतो. फोन साधा, बटणांचा आहे. पाटली अजून सोडवून आणायची आहे, आणि चुलते त्याच्याशी बोलत नाहीत.